मुद्दल, बाबती आणि खेळाच्या पुरवण्या

ज्या गावात पावसाळा सरताच पर्जन्यमापकातील आकडे ग्रामसभेपुढे वाचले जातात, जमिनीच्या पोटात किती पाणी मुरले याचा अंदाज विहिरींच्या पातळीवरून बांधला जातो, माणसांच्या व जनावरांच्या तहानेचा वाटा प्रथम बाजूस काढून उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची आणि कोणती वर्ज्य करावयाची हे रब्बीची पाभर शेतात उतरण्यापूर्वीच ठरते, त्या हिवरे बाजाराचा आणि संगणकावरील व मोबाइलवरील खेळांच्या व्यापाराचा काही संबंध असेल, हे प्रथमदर्शनी कोणास पटणार नाही. तथापि, एकदा मोल चुकते केल्यावर पुन्हा मोल मागणे केव्हा न्याय्य आणि केव्हा अन्याय्य, हा प्रश्न नगर जिल्ह्याच्या या कोरडवाहू टापूत निदान दोनशे वर्षे या ना त्या रूपाने विचारला गेला आहे. त्याची उत्तरे कधी सरकारी दप्तरात, कधी खळ्यावर, कधी कोर्टात आणि अलीकडे ग्रामसभेत दिली गेली आहेत. आणि हजारो रुपये देऊन खेळ विकत घेणाऱ्या मुलास त्याच खेळाचा आणखी एक भाग डाउनलोड करून घेण्यासाठी पुन्हा पैसे मोजावयास सांगितले जाते, तेव्हा त्याच्या तक्रारीची दाद लावण्यास लागणारी बहुतेक तत्त्वे या उत्तरांत सापडतात, अशी माझी धारणा आहे.

हिवरे बाजार नगर शहराच्या पश्चिमेस सुमारे १७ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले आहे. वर्षाकाठी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. भोवतीचे डोंगर उघडेबोडके. १९७२ च्या दुष्काळानंतर तर विहिरी आटल्या, तरणी माणसे मजुरीसाठी बाहेर पडली, आणि पूर्वी मल्लांचे गाव म्हणून ज्याची ख्याती होती त्या गावाचे नाव दारूच्या संदर्भात घेतले जाऊ लागले. त्या मल्लविद्येचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे; कारण खेळ आणि मोल यांच्या संबंधाविषयीची आपल्या गावांची जुनी समजूत तालमीत आणि जत्रेच्या फडात घडलेली आहे. जत्रेच्या फडात पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांपासून अखेरच्या मानाच्या कुस्तीपर्यंत सगळा खेळ सगळ्यांस खुला असे. इनामाची रक्कम गावाच्या वर्गणीतून उभी राही, आणि जास्त वर्गणी देणारा व कमी देणारा एकाच मातीभोवती बसून तीच कुस्ती तेवढीच पाही. वस्ताद शागिर्दास सगळे डाव शिकवितो पण एक डाव राखून ठेवतो, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. खेळांच्या कंपन्यांची बाजू मांडणारा कोणी तिचा आधार घेईल म्हणून सांगावेसे वाटते, की वस्तादाने राखलेला तो डाव विक्रीचा माल कधीच नव्हता. शागिर्दाच्या उन्मत्तपणास घातलेला तो लगाम होता, आणि त्याची किंमत कोणत्याही तालमीच्या भिंतीवर लिहिलेली नसे.

इलेक्ट्रॉनिक खेळांच्या व्यापाराने आरंभी बहुतांशी हाच प्रघात पाळला. कार्ट्रिज विकत घेतले की त्यातील खेळ संपूर्ण आपला. पुढे सीडी आली तरी व्यवहार तोच राहिला. निर्मात्यास आणखी काही सांगावयाचे असेल तर तो पुरवणी काढी. १९९८ साली ‘स्टारक्राफ्ट’ आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ब्रूड वॉर’ ही त्याची पुरवणी निघाली. १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ला पुढच्या वर्षी ‘द कॉन्करर्स’ने नव्या संस्कृती आणि नव्या मोहिमा जोडल्या. या पुरवण्या पेटीत बांधून दुकानात विकल्या जात. त्या छापण्याचा, वाहून नेण्याचा आणि मांडण्याचा खर्च असल्यामुळे फुटकळ वस्तू त्या वाटेने विकणे परवडण्यासारखे नव्हते, आणि त्यामुळे निर्मात्यास काही भरीव काम केल्यावाचून ग्राहकाच्या दारी पुन्हा येता येत नसे. इंटरनेटचा वेग वाढला आणि हा अडसर दूर झाला. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने, आदल्याच महिन्यात बाजारात आणलेल्या ‘ऑब्लिव्हियन’ या खेळातील घोड्यास घालावयाचे चिलखत अडीच डॉलरला विकावयास काढले, तेव्हा खेळाडूंनी त्याची जगभर निर्भर्त्सना केली. तरी अनेकांनी ते विकतही घेतले, आणि एवढ्या क्षुल्लक वस्तूसही गिऱ्हाईक मिळते हा धडा सगळ्या व्यापाराने गिरविला.

मामलेदाराच्या दप्तरातील बाबतीही आरंभी अशाच क्षुल्लक असत. मराठेशाहीच्या जमाखर्चात जमिनीवरील मुख्य सारा ही ऐन जमा आणि त्याखेरीज येणारे उत्पन्न ही सिवाय जमा, अशी विभागणी होती. या दुसऱ्या खात्यात लग्नटका होता, पाटदाम होता, म्हैसपट्टी होती. प्रसंगविशेषी फडफर्मास असे, आणि सरकारचे देणे फेडण्यासाठी कर्जपट्टीही बसे. प्रत्येक बाबीस स्वतंत्र निमित्त होते, आणि सुटी सुटी पाहिली तर त्यांतील कोणतीही एक बाब रयतेस देशोधडीस लावील एवढी मोठी नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत मात्र मामलती मक्त्याने, चढ्या बोलीने देण्याचा प्रघात पडला, आणि पुढील वर्षी आपली मामलत राहील की नाही याची शाश्वती नसलेला मक्तेदार जे काही काढावयाचे ते याच वर्षी, याच रयतेकडून काढू लागला. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीचे दुष्परिणाम नमूद करून ठेवले आहेत. ऐन जमेस वहिवाटीचे बंधन होते, ती एकदम वाढविली तर कुळे परागंदा होऊन गाव ओस पडण्याची भीती होती; म्हणून वाढीव मागणीस बाबतींची वाट अधिक सोयीची होती. खेळांच्या व्यापारातही २००५ च्या सुमारापासून २०२० पर्यंत मोठ्या खेळाची अमेरिकेतील किंमत ६० डॉलरवर खिळलेली राहिली, निर्मितीचा खर्च मात्र अनेक पटींनी चढत गेला, आणि त्या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचा मार्ग म्हणून पुरवण्यांकडे पाहिले गेले. दर्शनी किंमत तीच ठेवून वसूल वाढविण्याची ही युक्ती नवी नाही, आणि रयतेस तिचा जाच कसा होतो हेही आपणांस नवे नाही.

मात्र प्रत्येक जादा मागणी म्हणजे जुलूम, असे म्हणणे गावगाड्याच्या इतिहासास धरून होणार नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथामुळे मराठी वाचकास परिचित असलेली बलुत्याची पद्धती या बाबतीत मोठी बोधप्रद आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट आदी कारूंनी वर्षभर कुणब्याचे काम करावे आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर येऊन आपापल्या हक्काच्या पेंढ्या व धान्य न्यावे, हा तिचा स्थूल क्रम. पण तिचा खरा कस बारकाव्यांत होता. लाकूड कुणब्याचे, कसब सुताराचे. नांगराचे रुमणे तुटले, पाभरीचे चाडे फुटले, कुळव खिळखिळा झाला, तर ते दुरुस्त करून देणे हे बलुत्यात मोडे आणि त्याबद्दल सुताराने निराळी दिडकी मागावयाची नसे. फाळ शेवटून देण्याचे लोहाराचे कामही असेच. परंतु त्याच कुणब्यास नवी बैलगाडी बांधून घ्यावयाची असली, किंवा घराचे आढे चढवावयाचे असले, तर ते काम बलुत्याबाहेरचे. त्याची मजुरी वेगळी ठरे आणि वेगळी द्यावी लागे. पेरणीच्या तोंडावर औत अडवून ‘याचे निराळे पडतील’ असे म्हणणारा सुतार गावाच्या दृष्टीने अपराधी होता. तद्वतच बलुत्याच्या पेंढ्या दिल्या एवढ्या बळावर सुताराकडून फुकट गाडी मागणारा कुणबीही. काय पोटात येते आणि काय बाहेरचे, ही मर्यादा दोघांनाही खळ्यावर पेंढी पडण्याच्या कितीतरी आधी ठाऊक असे.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. काम जन्माने गळ्यात पडत असल्यामुळे ते नाकारण्याची मुभा कारूस नव्हती, आणि महार वतनदारास तर सरकारची व गावाची मिळून इतकी अमर्याद वेठ करावी लागे की मोबदला व काम यांत काही प्रमाणच उरले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेकौन्सिलात वतनाच्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडून ज्या लढ्यास कायदेशीर रूप दिले, तो हलक्या समजल्या गेलेल्या गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत चालू राहिला. श्रमाचे मोल ठरविण्याच्या कामी बलुत्यास आदर्श मानणे म्हणून अशक्य आहे. खेळांच्या उद्योगातही संगणकापुढे रात्री जागवणारे कारागीर आहेत, त्यांनी नंतर केलेल्या नव्या कामाचे मोल त्यांना मिळालेच पाहिजे, आणि ते देण्यास कुरकुर करणारा खेळाडू हा फुकट गाडी मागणाऱ्या कुणब्याच्या पंक्तीस बसतो. दिलेल्या कामाची हद्द कोणती आणि नवे काम कोठून सुरू होते, एवढ्याच एका प्रश्नापुरती मी बलुत्याची साक्ष काढीत आहे.

त्या कसोटीवर पाहता काही पुरवण्या निर्विवादपणे नव्या गाडीच्या जातीच्या ठरतात. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट कंपनीने २०१५ साली ‘द विचर ३’ विकला, त्यानंतर लहानसहान अशा १६ गोष्टी खेळाडूंना विनामूल्य दिल्या, आणि ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ व ‘ब्लड अँड वाइन’ या दोनच मोठ्या पुरवण्यांचे पैसे घेतले. त्यांतील दुसरी, २०१६ च्या मे महिन्यात आलेली, स्वतंत्र प्रदेश आणि स्वतंत्र कथानक असलेली, एका खेळाइतकी भरघोस होती. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ च्या नव्या आवृत्तीस एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ ही पुरवणी जोडली गेली, आणि तोवर एकाच ‘इंडियन्स’ या नावाखाली कोंबलेल्या आपल्या खंडप्राय देशातून बंगाली, द्राविड व गुर्जर असे निरनिराळे समाज खेळात उभे राहिले. मूळ खेळ १९९९ चा. त्याचे मोल देणाऱ्यास त्या वेळी जे मिळावयाचे ते मिळालेले होते. अशा कामाचे पैसे मागण्यात मला अन्याय दिसत नाही.

आता दुसरी बाजू. मार्च २०१२ मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीने ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’ हा मल्लयुद्धाचा खेळ विकावयास आणला. खेळाडूंपैकी जाणत्यांनी डिस्क तपासली तेव्हा असे आढळून आले, की पुढे पैसे घेऊन द्यावयाची १२ पात्रे त्याच डिस्कवर, पूर्ण घडविलेली, कुलूप लावून ठेवलेली होती. म्हणजे ग्राहकाने जी वस्तू दुकानातून उचलून घरी नेली, जी त्याच्या कपाटात होती, तिचाच एक भाग उघडण्यासाठी किल्लीचे पैसे त्याने पुन्हा द्यावयाचे होते. त्याच महिन्यात आलेल्या ‘मास इफेक्ट ३’ ची ‘फ्रॉम अॅशेस’ ही पुरवणी तर खेळाच्या पहिल्याच दिवशी, आणि कथेच्या गाभ्याशी निगडित असलेले एक पात्र घेऊन, निराळ्या किमतीस विकावयास निघाली. पात्र नंतर घडविले की आधी, यावर कंपन्यांनी पुष्कळ खुलासे केले. डिस्कवर आधीच असलेल्या बारा पात्रांच्या बाबतीत मात्र कोणताही खुलासा मला पुरेसा वाटत नाही; कारण पेरणीच्या तोंडावर औत अडवून धरण्याचा हा शुद्ध प्रकार आहे, आणि गावच्या पंचांनी त्याचा फैसला एका बैठकीत केला असता.

‘कोणी जबरदस्ती केली आहे काय? अटी वाचून मान्य केल्या, मगच पैसे दिले,’ हा यावरचा नेहमीचा जबाब आहे. स्वाक्षरीने व्यवहार पवित्र होतो ही समजूत नगर जिल्ह्याने फार महाग मोल देऊन तपासून पाहिली आहे, म्हणून त्या इतिहासाकडे थोडे वळले पाहिजे. इंग्रजी अंमलात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची जमाबंदी सुरू केली आणि ती पुढे सर्व दख्खनभर पसरली. सारा तीस वर्षांसाठी कायम व्हावयाचा, आणि त्या मुदतीत खातेदाराने स्वखर्चाने विहीर खणली अथवा बांध घातला तर त्या सुधारणेपायी त्यावर वाढीव आकार बसवावयाचा नाही, ही तिची हमी होती. बाबतींच्या जंजाळाने पिडलेल्या रयतेस हा दिलासा थोडा नव्हता. पण सारा रोख आणि ठरल्या तारखेस भरावयाचा असल्यामुळे रोकड नसलेला कुणबी सावकाराच्या ओट्यावर गेला, आणि सरकारने बंद केलेल्या बाबती तेथे नव्या नावांनी त्याची वाट पाहत होत्या. कर्ज देतानाच मनोती कापून घ्यावयाची, नाण्यावर बट्टा लावावयाचा, जुन्या रोख्याची मुदत संपली की थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा करून घ्यावयाचा. आणि अक्षरशत्रू कुणब्याने त्यावर आपली निशाणी करावयाची. प्रत्येक रोखा कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होता. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन रोखे व हिशेबाच्या वह्या हस्तगत केल्या, आणि ते लोण पाहता पाहता नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांपर्यंत पोहोचले. दंगेखोरांचा रोख बहुतेक ठिकाणी माणसांपेक्षा कागदांवर होता.

सरकारने चौकशी कमिशन नेमले, आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा जन्मास आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झालेल्या या कायद्याने न्यायाधीशास असा अधिकार दिला, किंबहुना असे कर्तव्यच सांगितले, की समोर आलेल्या रोख्यावर विसंबून न राहता त्याने व्यवहाराच्या मुळाशी जावे, पहिल्या दिवसापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल किती आणि वर चढविलेले किती हे वेगळे करावे. महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याच्या अंमलबजावणीत विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सावकारांनी त्यातूनही पळवाटा काढल्या, गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घेण्यास सुरुवात केली, हे खरे आहे. तरी निशाणी केलेल्या कागदापलीकडे जाऊन व्यवहाराचे अंतरंग पाहण्याचे तत्त्व त्या कायद्याने आपल्या भूमीत रुजविले. खेळ सुरू करताना पडद्यावर येणाऱ्या, कोणीही न वाचलेल्या आणि न वाचण्यासाठीच लिहिलेल्या पृष्ठावर बारा-तेरा वर्षांचे मूल बोट टेकविते. त्या बोटाच्या ठशास १८७९ पूर्वीच्या रोख्याइतकीच किंमत द्यावी काय, याचा विचार करणाऱ्यास रानड्यांच्या काळातील हे दप्तर उघडून पाहावे लागेल.

याच संदर्भात आपल्याकडील दामदुपटाचा नियम आठवतो. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हा धर्मशास्त्रातून आलेला दंडक मुंबई इलाख्याच्या कोर्टांनीही मानला होता. खेळांत अशी मर्यादा कोणी घातलेली नाही. ‘द सिम्स ४’ हा २०१४ चा खेळ ऑक्टोबर २०२२ पासून मुळात फुकट दिला जातो, पण त्याच्या सगळ्या पुरवण्यांची छापील किंमत एकत्र केली तर ती हजार डॉलरच्या पुढे जाते. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या २०१३ साली आलेल्या राज्यकारभाराच्या खेळाने सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदुस्थानावर केंद्रित असलेली ‘धर्म’ ही पुरवणी काढली. तिच्यातील काम नवे होते, त्यापूर्वीच्या व नंतरच्या पुरवण्यांतही होते, परंतु या सर्वांची बेरीज मूळ खेळाच्या किमतीस कितीतरी पटींनी मागे टाकते. उलटपक्षी, २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांचे राज्य मूळ पेटीतच खेळावयास मिळत असे. पुरवणी सुटी पाहिली तर न्याय्य आणि बेरीज पाहिली तर डोईजड, हे सिवाय जमेचेच लक्षण. आणि दहा वर्षे चाललेल्या खेळात उशिरा येणाऱ्या मुलाच्या वाट्यास ती सगळी बेरीज एकदम येते.

आतापर्यंतचा विचार विकणारा आणि घेणारा या दोघांपुरता झाला. जेथे अनेकजण एकाच मैदानात एकमेकांविरुद्ध खेळतात तेथे एक तिसरा पक्ष उभा राहतो, आणि त्याच्याविषयी हिवरे बाजाराइतके स्पष्ट उत्तर मला अन्यत्र कोठे दिसलेले नाही. १९८९-९० च्या सुमारास गावातील तरुणांच्या आग्रहाने पोपटराव पवार सरपंच झाले. पुण्यात शिकलेला, क्रिकेट खेळणारा हा तरुण. त्याच्या पुढाकाराने गावाने श्रमदान, नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी ही पंचसूत्री स्वीकारली, १९९४ च्या सुमारास आदर्श गाव योजनेत प्रवेश केला, डोंगरउतारावर समपातळी चर खणले, बंधारे घातले आणि धावणारे पाणी अडविले. पाणी वाढल्याबरोबर गावापुढे जो प्रश्न आला तो पाणी नसतानाच्या प्रश्नाहून अवघड होता: आता ते कोणी उपसावयाचे? ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने खोल बोअर घेतली तर कायद्याने ती त्याच्याच जमिनीत असते, खर्चही त्याचाच असतो, आणि तरी शेजाऱ्याची साधी विहीर कोरडी पडते. कारण जमिनीखालच्या पाण्यास बांध माहीत नाहीत. म्हणून गावाने शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही असे ठरविले, ऊस आणि केळीसारखी तहानलेली पिके दूर ठेवली, आणि जमीन बाहेरच्यास विकण्यासही मनाई केली. ज्याला बोअर परवडत होती त्याच्या हक्कावर हा निर्बंध होता, यात शंका नाही, आणि तो त्यास जाचकही वाटला असेल. परंतु सर्वांच्या श्रमदानाने भरलेले पाणी एकाच्या पैशाने रिकामे होऊ नये, हा विचार त्याहून मोठा मानला गेला, आणि त्याचे फळ म्हणून ज्या गावातून लोक बाहेर पडत होते तेथे कुटुंबे परत आली.

परस्परांविरुद्धच्या खेळातही मैदान सर्वांच्या सरावाने आणि उपस्थितीने भरलेले असते. तेथे कंपनीने पैसे घेऊन एकास अधिक तिखट शस्त्र, अधिक दणकट चिलखत किंवा इतरांस महिनोन् महिने खेळून मिळणारे सामर्थ्य एका रात्रीत दिले, तर तो व्यवहार त्या दोघांपुरता राहत नाही. ज्याने काहीच विकत घेतले नाही त्याची विहीर आटते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळात पैशांनी घेता येणाऱ्या आणि आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या पेट्यांतून असे सामर्थ्य विकण्याचा घाट घातला गेला, तेव्हा खेळाडूंच्या प्रक्षोभामुळे खेळ अधिकृतपणे बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीस ती विक्री स्थगित करावी लागली, आणि पुढे ती परत आणताना केवळ शोभेच्या वस्तूंपुरती आणावी लागली. २०१८ साली बेल्जियमने काही खेळांतील अशा पेट्यांस जुगाराच्या कायद्याखाली आणले. माझ्या मते बोअरबंदीच्या न्यायाने येथे बंदीच हवी. किंमत कमी केली, सवलत दिली, हप्ते पाडून दिले, तरी शेजाऱ्याच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

निव्वळ पोशाख आणि बंदुकीवरची नक्षी यांची गोष्ट निराळी. ज्याला हौस आहे त्याने ती आपल्या पैशाने पुरवावी, त्यात दुसऱ्याचे काही जात नाही. महाराष्ट्रातील गावोगावची मुले ज्या ‘बीजीएमआय’ या मोबाइलवरील खेळात रमतात तेथील विक्रीही मुख्यतः याच वस्तूंची असते. तेथे आक्षेप विकण्याच्या रीतीस आहे. ‘आज मध्यरात्रीपर्यंतच’ असे घड्याळ पडद्यावर धावत ठेवणे, आणि रुपयांचे रूपांतर आधी कसल्याशा चलनात करवून मग त्या चलनात किमती सांगणे, ज्यामुळे मुलास आपण किती खर्चिले हे कळतच नाही. या क्लृप्त्या नाण्यावर बट्टा लावणाऱ्या सावकारास सहज ओळखता आल्या असत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकास फसविणाऱ्या १३ पद्धती गणल्या असून त्यांत खोटी निकड निर्माण करणे आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करणे या दोहोंचा समावेश आहे; २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर अनुचित कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याचा मार्गही मोकळा केला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले ते योग्यच झाले. पण पुरवण्यांचा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत मुळात येत नाही, तो या मार्गदर्शक सूचना आणि ग्राहक संरक्षण कायदा या आधीच्या दोन वाटांनीच सोडवावा लागेल.

चांगल्या प्रघाताचे उदाहरणही जवळच आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स या छोट्याशा कंपनीने २०२० साली ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ काढला. अमेरिकेतील वा जपानमधील भांडवलाशी तिची तुलनाही होऊ शकत नाही. लोकवर्गणीचा तिचा पहिला प्रयत्न फसला होता. तरी २०२२ साली सुधारलेली आवृत्ती तयार झाली तेव्हा ज्यांनी खेळ आधीच घेतला होता त्यांस ती विनामूल्य मिळाली. मोडलेले रुमणे बलुत्यातच दुरुस्त करून द्यावयाचे, हा रिवाज महाराष्ट्रातीलच एका नव्या कारागिराने अशा रीतीने पाळला, याचा मला मनापासून आनंद आहे.

सरतेशेवटी १८७९ च्या कायद्यातील एका कलमसमूहाचा उल्लेख करावयाचा राहिला आहे, ज्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे जात नाही. कर्जदार शेतकऱ्यास प्रत्येक भरण्याची लेखी पावती, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास खातेपुस्तक मिळण्याचा हक्क त्या कलमांनी दिला होता. खेळाच्या प्रत्येक खात्यास तसेच खातेपुस्तक असावे, अशी मागणी आपल्या ग्राहक संघटनांनी करावयास हवी. पहिल्या पानावर, विक्रीपूर्वीच, मूळ खेळात काय आहे, काय नाही, आणि कोणता भाग आधीच तयार असून राखून ठेवला आहे, हे सांगितलेले असावे. त्यापुढे घेतलेली प्रत्येक पुरवणी, तिची तारीख आणि तिची किंमत रुपयांत असावी. तळाशी आजवरची बेरीज असावी, आणि ती मूळ किमतीच्या दुपटीस पोहोचली की खाते अज्ञान मुलाचे असल्यास त्याच्या पालकास तशी सूचना जावी. त्यासाठी कोणास नवी वही घालावी लागणार नाही. प्रत्येक खरेदीची नोंद कंपन्यांच्या दप्तरी तारीखवार आजही होत आहे.